एका अंगठ्याचा अर्ज

सोमवार, पौष व. १०, शके १८१६

नवे बिल आले. किनाऱ्याच्या रस्त्याचे. छापील एकतीस पाने. कायदा कौन्सिलात जाण्याआधी शहराने आपले मत कळवावे असे सरकारचे पत्र सोबत आहे. मुदत दोन महिने. हेडक्लार्क परेरासाहेबांनी प्रत माझ्या मेजावर टाकली.

"पंतोजी, घे. शहराला मत विचारलंय."

"शहर म्हणजे कोण, साहेब?"

"कमिटीचे सात जण, मी, तू. आणि माझी तांबडी पेन्सिल."

वीस वर्षे हाच विनोद. वीस वर्षे मी हसतो. आज जिना चढून दम लागला होता, हसू आले नाही.

नेहमीचीच रीत. कार्पोरेशन कमिटी नेमते. लोकांचे अर्ज येतात. मराठी आणि मोडी अर्ज माझ्याकडे. प्रत्येकाचा सारांश इंग्रजीत करून तक्त्यात भरायचा. कोण, काय मागतो, सह्या किती. कमिटी तक्ता वाचते. पन्नासावर सह्या असल्या तर अर्ज सभेत मोठ्याने वाचतात; कमी असल्या तर नुसती यादीत ओळ.


बुधवार, पौष व. १२

बिल पुरे वाचले. रस्ता गिरगावाकडून वर प्रभादेवीच्या पुढे जाणार. त्यासाठी नवे बोर्ड. कलम ९ दोनदा वाचले. भरतीच्या रेषेवरची जी जागा मोजणीच्या दिवशी मोकळी दिसेल, म्हणजे तिच्यावर काहीही उभे नसेल, व जिचा लेखी दाखला कोणी देणार नाही, ती बोर्डाची.

मोजणी कधी करायची हे लिहिलेले नाही. सरकारी मोजणीदार पावसाळ्यात शेतांवर जात नाहीत, तेव्हा ते शहरात मोकळे असतात.

ठाकूरद्वारी घरी परत येताना देवळात थोडा बसलो. मन लागेना.


शुक्रवार, पौष व. ३०

आज दोन अर्ज. एक गिरगावच्या घरमालकांचा, वकिलाकडून लिहून घेतलेला, दोनशेवर सह्या. मागणे असे की रस्त्याचा कर घरांवर बसू नये.

दुसरा प्रभादेवीकडल्या कोळीवाड्याचा. मोडीत, कोणा गावच्या मास्तराच्या हातचा. अक्षर चांगले. लिहिले आहे की आमच्या वाळवणाच्या जागेवर आठ महिने वलांडी उभ्या असतात. वलांडी म्हणजे बांबूंचे मांडव, त्यांवर बोंबील टांगून सुकवतात. पावसाळ्यात बांबू कुजतात म्हणून दर साल उतरवून ठेवतो. तेव्हा पावसाळ्यात जागा मोकळी दिसली तरी ती मोकळी नव्हे. वाडवडिलांपासून अशीच. कागद नाही. सरकारने ती धरू नये.

एवढ्या थोडक्यात एवढे नीट मांडलेले वकिलालाही जमले नसते.

खाली एकच अंगठा. हिराजी पाटील, कोळीवाडा.

तक्त्यात सह्यांच्या रकान्यात मी १ लिहिले.


मंगळवार, माघ शु. ४

गणेशजयंती. कचेरीतून अर्धी रजा काढून प्रभादेवीस गेलो. दर्शन झाले. गर्दी होती, पण पुजारी ओळखीचा.

येताना पाय आपोआप किनाऱ्याकडे वळले. वाळवणाची जागा पाहिली; कोळी तिला खलं म्हणतात. पुरुषभर उंचीचे मांडव, रांगाच रांगा. बोंबील जोडीजोडीने जबडे अडकवून टांगलेले, वाऱ्यावर हलतात. खाली बायका झाडतात, निवडतात, भांडतात. पुरुष एकही दिसला नाही, सगळे दर्यात.

सोनूबाय भेटली. आमच्या वाडीत मासळी घेऊन येते ती. हिराजी पाटलाची विधवा बहीण, हे आजवर मला ठाऊक नव्हते.

"काय वो कारकून, सणाचे दिवशी बाजारभाव बघाया आलाव?"

"देवाला आलो होतो."

"देव तिकरं. हितं नुसती बोंबलं." बाकीच्या बायका हसल्या. मग हळूच म्हणाली, "आमचा कागद साहेबापुढं पोचला ना?"

मी पोचला म्हणालो. खोटे नव्हे.


सोमवार, माघ शु. १०

कमिटी बसली. तीन तास. मी अध्यक्षांच्या खुर्चीमागे तक्ता धरून उभा. विचारल्याशिवाय कारकुनाने बोलायचे नाही.

अडीच तास एकाच गोष्टीवर. नव्या बोर्डात शहराचे सभासद किती आणि सरकारचे किती. आमच्या वॉर्डाचे रावसाहेब वकील तावातावाने बोलले. बोलणे चांगले, मलाही पटले. शहराने कर द्यायचा आणि खुर्च्या सरकारने घ्यायच्या, हे कसे? मग घरमालकांचा अर्ज पूर्ण वाचला.

मग यादी. कोळीवाड्याची ओळ आली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

रावसाहेब म्हणाले, "हा कोण हिराजी? एका माणसाची मासे वाळवायची तक्रार. पुढे."

पुढे.


मंगळवार, माघ शु. ११

एकादशी. उपास. काल संध्याकाळपासून एकच गोष्ट घोळते आहे.

आमच्या गावी देवाला गाऱ्हाणे घालायचे तर एकच गावकार बोलतो. बाकी सगळा गाव हात जोडून मागे उभा, आणि प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. तिथे कोणी कारकून येऊन मोजू लागला तर बोलणारा एकच लिहील. पण देव तसे मोजत नाही.

हे मला ठाऊक होते. लहानपणापासून ठाऊक होते. हिराजीचा अंगठा म्हणजे साऱ्या कोळीवाड्याचा हात, हे कागद हातात घेतला तेव्हाच कळले होते. तरी १ लिहिले, कारण रकाना सह्यांचा


गुरुवार, माघ शु. १३

परेरासाहेबांना सांगितले. ते डबा खात होते. त्यांची आई किनाऱ्याकडच्याच एका जुन्या गावठणातली, तेव्हा त्यांना फार सांगावे लागले नाही.

"मग एक कशाला लिहिलास रे?"

"सही एकच होती, साहेब."

"वीस वर्षांत तू पहिल्यांदाच मला माझ्यासारखा वाटलास. कारकून." आणि हसले नाहीत. डबा बंद करून म्हणाले, "खोडायचं नाही. छापून गेलंय. पण अर्जाला पुरवणी चालते. अंगठे घेऊन ये. पन्नासावर. कमिटी शेवटची बसते शिमग्यानंतरच्या गुरुवारी. बुधवारपर्यंत माझ्या टेबलावर."


रविवार, माघ व. १

कोळीवाड्यात गेलो. हिराजी पाटील जाळे विणत होता. साठीचा, डोळे फार शांत. चटई टाकली, पाणी दिले. मी सगळे समजावून सांगितले. पुरुष शिमग्याला किनाऱ्यावर येतील तेव्हा प्रत्येकाचा अंगठा घ्यावा, असे म्हणालो.

त्याने सुई खाली ठेवली.

"आमच्यात कागदावर दुसरा अंगठा कवा उठतो, ठाव हाय? घर फुटतं तवा. भाव भावापासून येगला निघाला, होडीची वाटणी झाली, का दोघांचे दोन अंगठे. तुमी सांगताव, सगल्या गावाचे घे. म्हंजे काय, गाव फुटला?"

"तसे नव्हे, पाटील. कचेरीला मोजायला लागते."

"माज्या हाताला मोजून काय करनार? हात काय पापलेट हाय?"

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बोलता आले असते. निघताना एवढेच म्हणाला, "माज्या बापानं याच जागंसाठी असाच एक अंगठा दिलेला. तवाच्या साहेबाला पुरला."

परत चालत आलो. ट्राममध्ये बसावेसे वाटले नाही.


बुधवार, माघ व. ४

कचेरी. शहराच्या मताचा मसुदा, चौदा कलमे तयार. कोळीवाडा त्यात नाही. पाठ दुखते.


महाशिवरात्र

सकाळी बाबुलनाथास जाऊन आलो. सौ.चाही उपास. दुपारी सोनूबाय दारात, पाटी नाही, रिकाम्या हातांनी.

सौ. म्हणाली, "आज मासळी कशी गो? आज उपास आमचो."

"मासली नाय आणली, वहिनी. तुमच्या घरधन्यास्नी काय तरी इचारायला आली."

पायरीवर बसली. सौ.ने तिला राजगिऱ्याचा लाडू दिला. मग म्हणाली, भावाने सगळे सांगितले. तो हट्टी नाही, पण त्याला गावात तोंड दाखवायचे आहे.

"पन मना सांगा, होडी कोनाची?"

"पुरुषांची."

"आनि खलं कोनाचं? वलांडी कोन बांधतं? मासली कोन टांगतं, कोन उतरवतं, बाजाराला कोन नेतं? बापये किनाऱ्याला लागले का झोपतान. खलं बायकांचं. हिराजीचा हात होडीवर. खल्यावर त्याचा हात कवा नव्हताच. आमी अंगठे दिले तर गाव कसा फुटल? बायकांचे अंगठे कवा कोनी घेतलेतच नाय, त्याची रीतच नाय आमच्यात!"

मी थक्क झालो. रीत नाही म्हणून मोडतही नाही.

"पन बायकांचा अंगठा तुमच्या कचेरीत चालतो का?"

तक्त्याचा रकाना डोळ्यांपुढे आणला. सह्यांची संख्या. कोणाच्या, ते लिहिलेले नाही.

"चालवू," मी म्हणालो. इतक्या वर्षांत कचेरीच्या वतीने मी बोललेला हा पहिला शब्द असावा.

ती गेल्यावर सौ. म्हणाली, "तुमका चालवूक येयत तर बरा. नाय तर ती दारात पाय ठेवची नाय."


सोमवार, फाल्गुन शु. ८

सोनूबायचा काही निरोप नाही. मसुदा तिसऱ्यांदा लिहून काढला. परेरासाहेबांच्या तांबड्या पेन्सिलीने "दुःखपूर्वक" खोडून "आदरपूर्वक" केले. शहराला दुःख झाले तरी ते आदराने व्हायला हवे.


मंगळवार, फाल्गुन व. २

कचेरीच्या जिन्यावर सोनूबाय आणि दुसऱ्या दोघी. शिपाई वर सोडेना. "मच्छी बाहेर," म्हणत होता. त्यांच्याजवळ मच्छी नव्हती. मी खाली गेलो.

सोनूबायने पदरातून कागद काढला. होळीच्या रात्री पुरुष होळीभोवती नाचत असताना बायकांनी एका घरात बसून अंगठे दिले होते. कागद उलगडला आणि मी पाहतच राहिलो. सगळा लाल.

शाई नव्हती. करंड्यातले कुंकू तेलात कालवून त्यात अंगठा बुडवलेला. चौऱ्याऐंशी अंगठे. त्यांतले अकरा काळे, काजळीचे.

"हे काळे?"

"विधवा," सोनूबाय म्हणाली. "आमी कुंकवाला हात कसा लावनार? चुलीची काजली लावली. माजा हा." खालच्या कोपऱ्यातला एक दाखवला.

"शाई आणायची होती. मी दिली असती."

"शाई सावकाराची, कारकून. शाईचा अंगठा लावला का काय तरी जातं. कुंकू लावला का ऱ्हातं."

पाटलाला ठाऊक आहे का, विचारले. म्हणाली, "दारात उभा व्हता. आत नाय आला. पन निजाया पन नाय गेला."


बुधवार, फाल्गुन व. ३

परेरासाहेबांनी कागद हातात धरला. "पंतोजी, हा अर्ज की हळदीकुंकू?"

त्यांनी अंगठे एकेक करून मोजले. मग कागद न दुमडता पहिल्या अर्जामागे टाचला, तक्त्यात माझ्या त्या १ खाली स्वतःच्या हाताने लिहिले, "तसेच त्याच जागेविषयी ८४," आणि आद्याक्षरे केली. हातरुमालाने बोट पुसले. थोडे कुंकू लागले होते.


गुरुवार, फाल्गुन व. ४

कमिटी. अर्ज वाचला गेला! मीच वाचला, कारण मोडी कोणाला येईना.

रावसाहेब: "बायकांच्या निशाण्या. कुंकवात. उद्या कोणी शेंदूर लावलेला दगड आणून देईल."

दोघे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते वृद्ध पारशी गृहस्थ, कानाने मंद. कागद मागून घेतला, चष्मा वर करून पाहिला, विचारले, "हे काळे कोण?" मी सांगितले. विचारले होते म्हणून बोलता आले.

ते म्हणाले, "मसुद्यात घ्या."

मग अर्धा तास वाद की शहराचे हे मत आहे, की शहर हे केवळ पुढे पाठवते. शेवटी पंधरावे कलम ठरले. मोजणीच्या दिवशी वलांडी उभ्या नसल्या तरी अशी जागा मोकळी समजू नये, असे शहरास वाटते. "वाटते" या शब्दावर रावसाहेबांचा आक्षेप. पण राहिला.

घरी येऊन देवापुढे नारळ ठेवला. सौ.ला सांगितले. म्हणाली, "मग आता झाला मां?"

अजून कार्पोरेशनची पुरी सभा आहे, म्हणालो.


सोमवार, फाल्गुन व. ८

पुरी सभा. दुपारी तीनला सुरू. बोर्डाच्या खुर्च्यांवर पुन्हा सगळे. प्रत्येकाला बोलायचे होते, कारण वर्तमानपत्रांची माणसे बसली होती. अकरा कलमे मंजूर व्हायला दिवस मावळला. वर्तमानपत्रवाले उठले, त्यांच्यामागून सभासद उठू लागले. माणसे कमी पडून सभा मोडते की काय अशी भीती. मुदत तर दोन दिवसांवर.

मग कोणीतरी सुचवले, बारापासून पंधरापर्यंतची कलमे परिशिष्टात घालावी, मुख्य निवेदन अकराचेच ठेवावे. म्हणजे पुन्हा चर्चा नको. हात वर झाले. बहुतेक जण टोपी शोधत होते. माझ्या मते रावसाहेबांच्या मनात काही विरोध नव्हता, त्यांना फक्त घरी जायचे होते. मलाही जायचे होते.

शहराचे मत झाले. अकरा कलमे. वाळवणाची जागा मागे, परिशिष्टात, शेवटची.


मंगळवार, फाल्गुन व. ९

छापखान्यातून प्रुफे आली. परिशिष्टात कोळीवाड्याचा अर्ज दीड ओळीत. खाली कंसात "८४ निशाण्या". काळ्या टाइपात सगळे अंगठे सारखेच.

नियम असा की छापील प्रत सरकारकडे जाते, मूळ कागद कचेरीत राहतो.

मी मूळ कागद जोडला.

परेरासाहेबांना सांगितले नाही. नंतर सांगितले. ते म्हणाले, "मी ऐकलं नाही." आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. कागद हरवला तर कोळीवाड्याच्या हातात काहीही उरणार नाही, पहिला अंगठाही नाही. हे मला कळते. पण दीड ओळ कोणी वाचणार नव्हते. लाल कागदाकडे निदान कोणी पाहील.

की मला नुसते वाटते


बुधवार, फाल्गुन व. १०

सरकारी कचेरीत पुडके स्वतः नेऊन दिले. तिथल्या कारकुनाने वजन केल्यासारखे हातावर तोलले आणि पोच दिली. "शहराचे मत, नग एक."


शनिवार, चैत्र शु. ४, शके १८१७

सोनूबाय वाडीत आली. सुरमई दिली, चांगली ताजी. विचारले, उत्तर आलं का? नाही म्हणालो. हिराजी बरा आहे. माझ्याबद्दल काही बोलत नाही.


शुक्रवार, चैत्र व. ११

सरकारचे पत्र. तीन ओळी. निवेदन पोचले. कौन्सिलाच्या कमिटीपुढे ठेवण्यात येईल. परिशिष्टाचा उल्लेख नाही. नसतोच.

परेरासाहेब: "वाईट नाही. नाकारलं तर चार ओळी येतात."


रविवार, वैशाख व. १०

दोन महिने होत आले. बिलाचे काय झाले, कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणतो कलम ९ गाळले, कोणी म्हणतो तसेच आहे. बिल पुण्यास गेले म्हणतात, पावसाळ्यात कौन्सिल तिथे बसते.

आज सकाळी सोनूबाय आली. पाटी दारात ठेवली, पण मासळी दाखवली नाही.

"हिराजीनं धाडलंय. बोलला, त्या कारकुनाला इचार."

"काय विचारायचे?"

"वलांडी उतरवायचे दिस आले. उतरवायच्या, का उभ्या ठेवायच्या?"

उतरवल्या आणि मोजणी झाली तर जागा मोकळी. उभ्या ठेवल्या तर सगळा बांबू, सगळे दोर पावसात कुजणार, आणि कलम गाळलेच असेल तर फुकट कुजणार. पुढच्या हंगामाला नवे बांबू कुठून आणायचे, ते त्यांनाच ठाऊक.

"हिराजी स्वतः काय म्हणतो?"

"तो बोलला, मी येकच हाय. कागद त्याच्या हातातून गेलाय, त्यालाच इचार. तो सांगल ते गाव करल."

सारा गाव एका माणसाच्या तोंडाकडे पाहतो आहे आणि तो माणूस मी. मला कचेरीतले काहीही माहीत नाही. मी पुडके पोचवणारा.

"ठेवा," मी म्हणालो.

तिने मान हलवली. आणखी काही विचारले नाही. पाटी उचलून गेली. मासळी द्यायला विसरली, की

दुपारी देवापुढे बसलो. गावच्या गावकारासारखे गाऱ्हाणे घालावे असे मनात आले. वाडीत कोणी ऐकेल म्हणून हळू आवाजात. बा देवा, किनाऱ्यावरच्या वलांडी उभ्या ठेवल्यात माझ्या शब्दावर. त्या कुजू देऊ नकोस. कुजल्या तर जागा तरी जाऊ देऊ नकोस. माझा शब्द चुकला असला तर त्याचा भार त्या बायकांवर टाकू नकोस.

पुढे सुचेना. एकट्याचे गाऱ्हाणे ते, मागे कोणी नाही.

स्वयंपाकघरात सौ. तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय म्हाराजा."